ताळा करून पाहा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, निमगाव सावा येथे केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. त्यांची परवानगी घेऊन मी तो बदलला. संधींची माहिती आता मुलांच्या फोनवर असते आणि ती माझ्यापेक्षा त्यांना जास्त असते. मी आज फक्त एका संख्येबद्दल बोलणार आहे. गेली वीस-बावीस वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते. त्या कामात मला शाळेतली कोणती गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडली, ते या संख्येच्या आधारानं सांगता येईल असं वाटतं.

फळ्यावर मी ती संख्या लिहून ठेवली आहे.

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नऊपर्यंत चढत जायचं आणि नऊपासून एकापर्यंत उतरायचं. सतरा अंक आहेत. लाख, कोटी म्हणत वाचायला गेलो तर आपली दमछाक होते. पण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त स्थानांची जी नावं आहेत, ती एकं, दहं, शतं करत पुढे अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी जातात. आपल्या संख्येतला डावीकडचा पहिला एक 'मध्य' या स्थानावर बसतो. परार्धाच्या एकच पायरी अलीकडे.

ही संख्या येते कुठून? नऊ एक ओळीनं लिहा : १११११११११. या संख्येला तिनंच गुणा. उत्तर फळ्यावरची संख्या. पाहायचं असेल तर आधी लहान उदाहरण घ्या. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. आपण हातानं गुणाकार मांडतो तेव्हा प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. १११ च्या गुणाकारात एकंच्या घरात एकच एक येतो, दहंच्या घरात दोन, शतंच्या घरात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या घरात नऊ एक जमतात, आणि नऊपर्यंत हातचा घ्यावा लागत नाही. म्हणून जिना शाबूत राहतो. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. जिना मधोमध खचला.

इथं आपल्या तालुक्याचं एक सांगायला हवं. आपण तालुक्याच्या पूर्वेकडचे. पश्चिमेच्या टोकाला नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यातला ब्राह्मी लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानला जातो. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची नोंद आहे. किती गायी, किती घोडे, किती नाणी, सगळं अंकांत. भारतात सापडलेल्या सगळ्यात जुन्या अंकचिन्हांमध्ये ती गणली जातात. त्यात २४४०० हा आकडा आहे. पण तो आपल्यासारखा लिहिलेला नाही. वीस हजारांचं एक चिन्ह, चार हजारांचं दुसरं, चारशेचं तिसरं. शून्य नाही आणि जागेवरून किंमतही ठरत नाही. त्या पद्धतीत नऊ एक ओळीनं लिहिता आले नसते, आणि हा जिना कुणाला दिसलाही नसता. एकं-दहंची घरं आखली गेली, तेव्हाच संख्यांच्या अंगावरची ही नक्षी दिसू लागली.

ती नक्षी आयुष्यभर पाहत बसलेला माणूस आपल्यापासून फार लांब राहत नव्हता. आळेफाट्यावरून नाशिकची गाडी पकडली की देवळाली येतं. तिथं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९२७ साली त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ ते देवळालीला शिकवत होते. पीएचडी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. शाळेचे तास घ्यायचे आणि उरलेल्या वेळात आकडेमोड करायची. छोट्या पुस्तिका स्वतः छापायच्या.

फळ्यावरच्या संख्येला त्यांनी नाव दिलं होतं : डेम्लो संख्या. मुंबईहून येणाऱ्या रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव डेम्लो. तिथं ही कल्पना सुचली म्हणून ते नाव. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात, आणि डाव्या व उजव्या भागाची बेरीज केली की मधलाच अंक पुन्हा पुन्हा येतो. आपल्या संख्येतला मधला नऊ बाजूला ठेवा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. सगळे नऊ. १२३४३२१ घ्या : १२३ आणि ३२१, बेरीज ४४४, आणि मधला अंकही चारच.

त्यांनी आणखी एक नाव दिलं, हर्षद. हर्ष देणारी संख्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जातो ती हर्षद. आपली संख्या हर्षद आहे का? अंकांची बेरीज करा. एक ते आठ छत्तीस, परत उतरताना छत्तीस, मधले नऊ : एकूण ८१. आता ८१ नं भाग जातो का? लांबलचक भागाकार करायची गरज नाही. १११११११११ ला नऊनं भागलं की १२३४५६७९ येतात. (यात आठ नाही, पाहिलंत?) मग वर्गाला ८१ नं भागलं की १२३४५६७९ चा वर्ग येणारच, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१. बाकी शून्य. हर्षद आहे.

कापरेकरांचं नाव जगभर झालं ते ६१७४ मुळे. तो खेळ आपल्याच तुकडीच्या सालावर खेळू. १९९६ चे अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा : ९९६१. लहानाकडून मोठ्याकडे : १६९९. वजाबाकी ८२६२. पुन्हा तसंच. ८६२२ वजा २२६८, उत्तर ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, उत्तर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. चारही अंक सारखे नसतील, तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच येऊन थांबते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडलं. त्यांच्या कामाला आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी करमणूक म्हणून बाजूला सारलं होतं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते गेले.

विद्वानांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. हे सगळे गुण आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून दिसतात. सोळाच्या पटीत मोजणाऱ्याला ६१७४ भेटणार नाही. मग या खेळाचा उपयोग काय? माझं उत्तर एका शब्दाचं आहे. ताळा.

गणिताचे आपले सर समोर बसले आहेत. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून घेत नाही. उत्तराशेजारी ताळा केलेला नसेल तर ते पूर्ण गुण द्यायचे नाहीत. उत्तर बरोबर असलं तरी. आपल्याला तेव्हा ते फार जाचक वाटायचं. नवाचा ताळा सगळ्यांना आठवत असेल. संख्येच्या अंकांची बेरीज करायची, तिच्या अंकांची पुन्हा बेरीज, एकच अंक उरेपर्यंत. नऊ उरले तर शून्य धरायचं. गुणाकार असेल तर दोन्ही संख्यांच्या उरलेल्या अंकांचा गुणाकार आणि उत्तराचा उरलेला अंक जुळायला हवा.

का जुळतो, हे एका वाक्यात सांगते. दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक, हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव अधिक एक; म्हणून कोणत्याही स्थानावरचा अंक नवानं भागला की तोच अंक शिल्लक राहतो, आणि सगळ्या अंकांची बेरीज म्हणजे नवानं भागल्यावरची बाकीच असते.

आता मघाची वजाबाकी पाहा. ९९६१ आणि १६९९ यांचे अंक तेच आहेत, फक्त क्रम वेगळा. म्हणजे नवानं भागल्यावर दोघांची बाकी सारखी, आणि वजाबाकी नऊच्या पटीत. ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४ : प्रत्येकाच्या अंकांची बेरीज अठरा आहे. खेळ खेळता खेळता प्रत्येक पायरीवर ताळा हातात असतो.

आता संगणकाकडे येते. वेबसाइटच्या पानांमागे जावास्क्रिप्ट नावाची भाषा चालते. तुमच्या फोनवरचं बहुतेक प्रत्येक पान तिच्यावर चालतं. तिला विचारा, १११११११११ गुणिले १११११११११ किती? ती क्षणात उत्तर देते : १२३४५६७८९८७६५४३२०.

शेवटी शून्य! आपला सातवीतला मुलगाही सांगेल, एकानं संपणाऱ्या संख्येला एकानं संपणाऱ्या संख्येनं गुणलं तर शेवटी एकच येणार. विषम गुणिले विषम सम होत नाही. एक्सेलमध्ये हाच गुणाकार करून पूर्ण आकडा दाखवायला सांगा. तिथं येतं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे दोन्ही अंक गेले.

नवाचा ताळा लावा. १११११११११ ची बेरीज नऊ, म्हणजे शून्य. शून्य गुणिले शून्य शून्य. उत्तर नऊच्या पटीत हवं. जावास्क्रिप्टच्या उत्तराची बेरीज ८०, उरले आठ. चूक. एक्सेलच्या उत्तराची बेरीज ७८, म्हणजे पंधरा, उरले सहा. चूक. कागदाच्या कोपऱ्यातल्या दोन ओळींनी दोन्ही यंत्रं पकडली.

यंत्राला गुणाकार येत नाही असं नाही. साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणा. उसाचा अख्खा ट्रॅक्टर त्यावर तोलता येतो, पण तो किलोच्या ठरावीक टप्प्यांनीच वजन दाखवतो. ट्रॉलीत एक टोमॅटो जास्त टाकला तर काट्याला कळत नाही. तो काटा खराब नसतो. तो टोमॅटो तोलायला बनवलेला नसतो. जावास्क्रिप्टची साधी संख्या अशीच आहे. ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या तिच्यात बिनचूक मावते. हा आकडा म्हणजे दोनचा त्रेपन्नावा घात वजा एक. त्याच्या पुढे काटा दोन-दोनच्या टप्प्यांनी चालतो, म्हणजे फक्त सम संख्या. आपली संख्या विषम, त्यामुळे ती शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसते. एक्सेल पंधरा अंक सांभाळतो आणि पुढचे शून्य करून टाकतो. मोठ्या संख्या शेवटच्या अंकापर्यंत अचूक ठेवणारे दुसरे प्रकार संगणकात आहेत, जावास्क्रिप्टमध्येही आहेत. पण कोणता काटा वापरायचा हे माणसानं ठरवायचं असतं.

हे फक्त फळ्यावरचं आहे असं समजू नका. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात. डेबिट कार्डावरचा क्रमांकही बहुधा सोळा अंकी. तो एक्सेलच्या रकान्यात साधा आकडा म्हणून टाइप केला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि यंत्र कसलीही सूचना देत नाही. रकाना आधी 'मजकूर' या प्रकारचा करून घेतला तर क्रमांक जसाच्या तसा राहतो. गावात अनुदानाच्या, शिष्यवृत्तीच्या, पतसंस्थेच्या याद्या कोणी ना कोणी एक्सेलमध्येच भरत असतं. बहुतेक वेळा तो आपल्यातलाच कोणी तरुण असतो. एका मुलीची शिष्यवृत्ती अडकली तर ती बँकेत हेलपाटे घालते, आणि खिडकीवर तिला सांगतात की संगणकात असंच आहे. 'संगणकात असंच आहे' हे वाक्य आपल्याकडे फार लवकर शेवटचं होतं.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगते. एका ग्राहक कंपनीच्या वेबसाइटवर साधारण निम्म्या ऑर्डरी उघडत नव्हत्या. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. दोन दिवस मोठमोठी माणसं सर्व्हर तपासत होती. मी अडलेल्या ऑर्डरींचे क्रमांक मूळ नोंदवहीतून काढून कागदावर एकाखाली एक लिहिले. सतरा अंकी क्रमांक होते. सगळे विषम. मग पडद्यावर दिसणारे क्रमांक पाहिले. सगळे सम. सम-विषम आपण कितवीत शिकलो, दुसरीत की तिसरीत? पुढची दुरुस्ती तासाभराची होती : क्रमांक संख्या म्हणून न पाठवता अक्षरांसारखा पाठवायचा. ट्विटरसारख्या मोठ्या कंपनीलाही २०१० साली आपल्या क्रमांकांसाठी हीच सोय करावी लागली होती.

ताळ्याची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर सर मला इथंच उभं करतील. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर, असं नाही. ताळा चुकला तर मात्र उत्तर नक्की चूक. ४५ च्या जागी ५४ लिहिलं तर नवाच्या ताळ्याला ते कळत नाही, कारण अंक तेच. आणि माणसं ही चूकही बऱ्याचदा करतात, शेजारचे दोन अंक उलटे लिहितात. म्हणून पुढच्या लोकांनी जास्त कडक ताळे शोधले. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात त्यातला एक आहे. आधार क्रमांकाचे बारा अंक असतात. त्यातला बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला ताळा आहे. याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाची ही रीत १९६९ सालची. एक अंक चुकला तरी ती पकडते, शेजारचे दोन अंक उलटे झाले तरी पकडते. सरांचा ताळा दीडशे कोटींच्या देशात रोज कामाला जुंपलेला आहे, फक्त तो ताळा आहे हे आपल्याला माहीत नसतं.

देवळालीच्या त्या शिक्षकांबद्दल म्हणूनच मला आदर वाटतो. संख्येकडे नुसतं 'किती' म्हणून पाहायचं नाही. ती कुठून आली, तिचे अंक एकमेकांशी काय बोलतात, ती हर्षद आहे का, असं तिच्याशी ओळख करून घ्यायची. ओळखीचा माणूस वेगळा वागला की आपल्याला लगेच खटकतं. संख्येचंही तसंच आहे. जिन्याची शेवटची पायरी शून्याची झाली हे ज्याला खटकतं, तो यंत्राची चूक पकडतो. बाकीचे मान खाली घालून पुढे जातात. आता तर प्रश्न विचारला की गोड मराठीत छापील उत्तर देणारी यंत्रं आली आहेत. ती उत्तर इतक्या आत्मविश्वासानं देतात की विचारणाऱ्यालाच आपली शंका खोटी वाटते. आज शाळेत शिकणाऱ्या मुलांना आपल्यापेक्षा ताळ्याची गरज जास्त आहे.

म्हणून माजी विद्यार्थी म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. शाळेला संगणक द्यायचं आपण ठरवलं आहे, ते द्यावेतच. मी माझा वाटा देते आहे. पण संगणक खोलीच्या भिंतीवर फळ्यावरची ही संख्या मोठ्या अक्षरांत रंगवावी, आणि खाली तिचा गुणाकार. संगणकावर बसणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनं पहिल्या दिवशी तो गुणाकार यंत्राला घालावा आणि भिंतीशी ताडून पाहावा. यंत्र कुठं कमी पडतं हे पहिल्याच दिवशी कळलं, तर पुढे त्याची भीतीही वाटणार नाही आणि आंधळा विश्वासही बसणार नाही. दुसरी विनंती शिक्षकांना. ताळ्याचे गुण कापायचं थांबवू नका. मुलं कुरकुर करतील. आम्हीही केली होती.

शेवटी सगळ्यांना घरचा अभ्यास. आपला दहा अंकी मोबाइल नंबर लिहा. त्याखाली तोच उलटा लिहा. मोठ्यातून लहान वजा करा आणि उत्तराच्या अंकांची बेरीज करा. ती नऊच्या पटीत येईल. ज्यांची येणार नाही त्यांनी जेवणाच्या पंगतीत मला गाठावं. वजाबाकी आपण पुन्हा मिळून करू. फोनवर नाही, कागदावर.